दोन तळी आणि एक सखल जमीन : ‘द लोलँड’ या कादंबरीचा अभ्यास

(बी. ए. भाग २)

आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळात दर महिन्याला एका पुस्तकावर चर्चा होते. ज्याच्या वाट्याला पुस्तक येईल त्याने ते वाचून यावे आणि अर्धा तास बोलावे, असा प्रघात आहे. श्रावण महिन्यात माझ्या वाट्याला झुंपा लाहिरी यांची ‘द लोलँड’ ही इंग्रजी कादंबरी आली. मॅडमनी पुस्तक हातात दिले तेव्हा मी घाबरले, हे प्रथमच कबूल करते. माझे शिक्षण दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. तीनशेहून अधिक पानांची इंग्रजी कादंबरी मी त्यापूर्वी कधी हातात धरली नव्हती. शब्दकोश शेजारी घेऊन बसले, वहीत शब्द उतरवून घेतले आणि अडीच महिन्यांनी शेवटचे पान वाचले. पहिल्या पन्नास पानांना जेवढे दिवस लागले, तेवढ्या दिवसांत पुढची दीडशे पाने झाली. भाषा सोपी झाली नव्हती. ती माणसे ओळखीची वाटू लागली होती.

चर्चेच्या दिवशी बहुतेकांनी ही स्थलांतराची कादंबरी आहे असे मत मांडले. काहींनी ती फसलेल्या क्रांतीची कादंबरी आहे असे म्हटले. गौरी या नायिकेविषयी मात्र सर्वांचे एकमत झाले की ती वाईट आई आहे. तसे म्हणणाऱ्यांत मीही होते, आणि माझा आवाज इतरांपेक्षा थोडा वरच होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशी मी जे बोलले त्याची दुरुस्ती आहे असे समजावे.

लेखिकेचा परिचय

झुंपा लाहिरी यांचा जन्म १९६७ साली लंडन येथे बंगाली कुटुंबात झाला. त्या लहानाच्या मोठ्या झाल्या अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या छोट्या राज्यात. १९९९ साली त्यांचा ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि २००० साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ‘द नेमसेक’ ही कादंबरी २००३ सालची. ‘द लोलँड’ २०१३ साली प्रकाशित झाली. त्याच वर्षी ती बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती आणि २०१५ साली तिला दक्षिण आशियाई साहित्यासाठीचे डी. एस. सी. पारितोषिक मिळाले. लेखिका रोमला जाऊन राहिल्या आणि पुढे इटालियन भाषेत लिहू लागल्या. ज्या लेखिकेला घरची भाषा बंगाली, शाळेची इंग्रजी आणि आपखुषीने निवडलेली इटालियन, तिला दुभंगलेल्या निष्ठेचा विषय मुद्दाम शोधावा लागला नसणार, हे उघड आहे.

कथानक

कलकत्त्याच्या दक्षिणेस टॉलीगंज हा भाग आहे. तेथील एका मध्यमवर्गीय घरात सुभाष आणि उदयन मित्र हे दोन भाऊ वाढतात. वडील रेल्वेत कारकून. दोघांत अंतर अवघ्या पंधरा महिन्यांचे. सुभाष थोरला, भिडस्त आणि सांगितलेले ऐकणारा. उदयन धाकटा, धीट आणि मनास येईल ते करणारा. घराच्या अंगणात सिमेंट ओले असताना उदयन मुद्दाम त्यावरून चालत जातो आणि त्याच्या पावलांचे ठसे कायमचे उमटून राहतात. घराजवळ दोन तळी आहेत आणि त्यांच्यामागे सखल जमीन. पावसाळ्यात पाणी चढले म्हणजे दोन्ही तळी एक होतात आणि ती जमीनही पाण्याखाली जाते. कादंबरीचे नाव या जमिनीवरून आले आहे.

जवळच १८९५ साली स्थापन झालेला टॉलीगंज क्लब आहे. तेथे भिंतीवरून आत जाऊन दोघे भाऊ गोल्फचे चेंडू गोळा करतात. एकदा पोलीस त्यांना पकडतो आणि मार बसतो तो सुभाषला. कल्पना धाकट्याची आणि मार थोरल्याला, ही पुढच्या साऱ्या आयुष्याची सुरुवात आहे असे म्हणावयास हरकत नाही.

दोघे मोठे होतात. उदयन नक्षलवादी चळवळीत ओढला जातो. सुभाष १९६९ साली उच्च शिक्षणासाठी ऱ्होड आयलंडला जातो आणि समुद्राच्या रसायनशास्त्राचा अभ्यास करू लागतो. इकडे उदयन तत्त्वज्ञान शिकणाऱ्या गौरीशी आईवडिलांना न विचारता लग्न करतो. १९७१ साली सुभाषला तार येते. उदयनला पोलिसांनी मारले आहे. तो त्याच सखल जमिनीतील पाण्यात, जलपर्णीखाली लपला होता. त्याला बाहेर काढून घरच्यांच्या डोळ्यांदेखत गोळ्या घालण्यात आल्या.

सुभाष परत येतो तेव्हा गौरी गरोदर असते. सासूसासरे तिला विधवेप्रमाणे वागवतात. तिची पाने वेगळी, तिचे जेवण वेगळे. मूल ठेवून घ्यावे आणि सुनेला घालवून द्यावे असा त्यांचा विचार असतो. सुभाष गौरीशी लग्न करून तिला अमेरिकेला घेऊन जातो. तेथे बेलाचा जन्म होतो. सुभाष तिला आपली मुलगी म्हणून वाढवतो आणि खरे काय ते तिला सांगत नाही. गौरी पुन्हा तत्त्वज्ञान शिकू लागते. बेला बारा वर्षांची असताना, बाप आणि मुलगी कलकत्त्याला गेलेली असताना, गौरी एक पत्र लिहून ठेवते आणि घर सोडून कॅलिफोर्नियाला निघून जाते. तेथे ती प्राध्यापक होते. बेला मोठी झाल्यावर कोठेही स्थिर न राहता शेतांवर काम करीत हिंडते. ती स्वतः आई होण्याच्या बेतात असताना सुभाष तिला सत्य सांगतो. पुढील घटना वाचकांनी मुळातूनच वाचाव्यात.

काळाची पार्श्वभूमी

ही कादंबरी समजण्यासाठी त्या काळाची थोडी माहिती हवी. मला ती नव्हती, म्हणून इतिहास विभागाच्या सरांना विचारून आणि ग्रंथालयात बसून मिळवली.

नक्षलबाडी हे पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील गाव. १९६७ च्या उन्हाळ्यात तेथील कुळे आणि चहामळ्यांवरील मजूर जमिनीसाठी उठले. २४ मे रोजी झालेल्या चकमकीत एक पोलीस अधिकारी बाणाने मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात अकरा माणसे मरण पावली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या आणि मुलेही होती. २२ एप्रिल १९६९ रोजी चारू मजुमदार आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी-लेनिनवादी) स्थापन केला. त्यानंतर चळवळ कलकत्ता शहरात आली. महाविद्यालयांतील हुशार मुले तिच्यात शिरली. पुतळे फुटले, पोलीस मारले गेले आणि उलट पोलिसांच्या हातून असंख्य तरुण मारले गेले. २८ जुलै १९७२ रोजी चारू मजुमदार पोलिसांच्या ताब्यात असतानाच मरण पावले.

याच सुमारास दुसरा एक दरवाजा उघडला होता. अमेरिकेने १९२४ पासून देशवार कोटे ठरवून आशियातील लोकांना जवळजवळ बंदी केली होती. १९६५ च्या कायद्याने ते कोटे काढून टाकले आणि शिकलेल्या भारतीयांची रीघ तिकडे लागली. म्हणजे एकाच शहरातील, एकाच घरातील दोन हुशार मुलांपुढे त्या वेळी दोन वाटा होत्या. एक नक्षलबाडीकडे जाणारी आणि एक विमानतळाकडे जाणारी. लेखिकेने दोन्ही वाटांवर एकेक भाऊ पाठवला आहे.

याच काळावर महाश्वेतादेवींनी ‘हजार चुराशीर मा’ ही कादंबरी लिहिली. ती १९७४ सालची. मराठीत अनिल बर्वे यांच्या ‘थँक यू मिस्टर ग्लॅड’चा नायकही नक्षलवादीच आहे. महाश्वेतादेवींची आई मुलाच्या मृत्यूनंतर त्याला समजून घ्यावयास निघते. बर्वे यांच्या कथेत बंदी आणि जेलर समोरासमोर उभे राहतात. लाहिरींच्या कादंबरीत मरणारा लवकरच मरतो आणि उरलेली माणसे पुढची चाळीस वर्षे त्याच्याभोवती जगतात. तिन्ही कृतींतील हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

निष्ठा आणि मौन

या कादंबरीचे आशयसूत्र स्थलांतर हे आहे की क्रांती, असा प्रश्न चर्चेत निघाला होता. माझ्या अल्पमतीप्रमाणे ते दोन्ही नाही. येथे प्रत्येक माणूस कोणाशी तरी एकनिष्ठ आहे, आणि ती निष्ठा पाळण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी अंधारात ठेवतो आहे. कादंबरीचे मर्म मला येथे सापडते.

उदयन चळवळीशी एकनिष्ठ आहे. तो गौरीला एक काम सांगतो. एका पोलिसाच्या येण्याजाण्यावर तिने लक्ष ठेवावयाचे. तो पोलीस आपल्या लहान मुलाचा हात धरून जाताना तिला दिसतो. ही माहिती कशासाठी हवी, हे उदयन तिला सांगत नाही. पुढे तो पोलीस मारला जातो. उदयनचे गौरीवर प्रेम होते यात शंका नाही. परंतु तिला न विचारता त्याने तिला एका खुनात भागीदार केले.

सुभाष भावाशी एकनिष्ठ आहे. भावाची बायको आणि भावाचे मूल यांना तो वाचवतो. यासाठी तो आईवडिलांचे मन मोडतो. पण बेलाला तो खरे सांगत नाही. आज सांगू, उद्या सांगू असे करता करता ती पस्तिशीकडे येते. भीती एवढीच की खरे कळले तर मुलगी आपली राहणार नाही.

गौरी उदयनच्या आठवणीशी आणि आपल्या अभ्यासाशी एकनिष्ठ आहे. तिच्या मनात पोलिसाच्या त्या मुलाचे ओझे आहे. ते ती कोणालाच सांगत नाही. सुभाषलाही नाही.

आईवडीलही तसेच. उदयन गेल्यावर त्या घरात त्याच्या मृत्यूविषयी कोणी बोलत नाही. सुभाष हजारो मैलांवरून येतो, पण आई त्याच्याजवळ बसून काही सांगत नाही. काय झाले ते शेवटी त्याला गौरीकडून कळते. पुढे ती आई, बिजोली, सखल जमिनीतील मुलाच्या स्मारकाजवळ रोज जाते, लोकांनी टाकलेला कचरा वेचते. हा प्रसंग मला फार प्रत्ययकारी वाटला. मेलेल्या मुलासाठी ती एवढे करते आणि जिवंत मुलगा मात्र तिला दुरावलेलाच राहतो.

दोन ठिकाणी जीव गुंतला म्हणून माणूस मोडत नाही, असे या कादंबरीवरून मला वाटते. दोन ठिकाणी जीव सर्वांचाच गुंतलेला असतो. एका ठिकाणची गोष्ट दुसऱ्या ठिकाणी लपवावी लागली म्हणजे घर आतून पोखरू लागते. लेखिकेने हे कोठेही सिद्धांत म्हणून सांगितलेले नाही. तिने फक्त प्रसंग मांडले आहेत. तिची निवेदनपद्धती तटस्थ आहे. एकेका पात्राच्या जवळ जाऊन ती बोलते, पुन्हा दूर होते, मध्ये कित्येक वर्षे सोडून देते. उदयनचे मन तर तिने अगदी शेवटच्या प्रकरणापर्यंत राखून ठेवले आहे. आपण ज्याच्याविषयी सर्व पुस्तकभर इतरांकडून ऐकले, तो शेवटी पाण्यात श्वास रोखून उभा असलेला दिसतो, आणि तेव्हा कळते की आपल्या हातून काय झाले हे त्यालाही कळत होते.

गौरीचा प्रश्न

आता गौरीकडे वळते. बेलाला पाच-सहा वर्षांची असताना एकटी टाकून ती थोडा वेळ बाहेर जाते. पुढे कायमचीच जाते. चर्चेच्या दिवशी मी म्हटले होते की कोणत्याही कारणाने असे करणे क्षम्य नाही, आणि टाळ्या मिळाल्या होत्या.

त्या आठवड्यात मी गावी गेले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि मी तिला ही गोष्ट सांगत होते. आईला अक्षरओळख नाही, पण गोष्ट ऐकताना तिचा एक शब्द सुटत नाही. गौरी घर सोडून गेली येथवर मी आले तेव्हा आई म्हणाली, “बाईमाणसानं लेकरू टाकून जावं व्हय?” मला बरे वाटले, कारण माझेही तेच मत होते. मग दोन भाकरी झाल्यावर आईनेच विचारले, “पर तिला कुणी इच्यारलं हुतं का गं, तुला काय पायजे म्हून?”

या प्रश्नाने मी निरुत्तर झाले. पुस्तक पुन्हा उघडले आणि ती पाने शोधून वाचली. सुभाषने लग्नाविषयी विचारले होते हे खरे. पण त्या वेळी तिच्यापुढे पर्याय कोणते होते? पांढऱ्या वस्त्रात, वेगळ्या पंगतीत, मूल हिरावून घेण्याची वाट पाहणाऱ्या घरात राहणे, किंवा नवऱ्याच्या भावाबरोबर परदेशी जाणे. तिला मूल आत्ता हवे आहे का, त्या मुलाकडे पाहून तिला रोज काय आठवते, हे कोणी विचारले नाही. अमेरिकेत गेल्यावर ती आपले केस कापते आणि साड्यांच्या चिंध्या करते. सुभाष ते पाहतो, त्याला राग येतो, पण तोही विचारत नाही.

सुभाषच्या आईने आधीच त्याला बजावले होते की ही बाई आई व्हावयाच्या लायकीची नाही. ते भाकीत खरे ठरले, म्हणून सासू बरोबर होती असे मात्र होत नाही. जिला सर्वांनी आधीच दोषी ठरवले आणि जिच्याजवळ बोलावयास कोणी नव्हते, ती बोलायचे सोडून लिहू लागली आणि शेवटी निघून गेली. बेलावर झालेला अन्याय यामुळे कमी होत नाही. बेला पुढे आईला ज्या कठोर शब्दांत सुनावते, ते तिला सुनावण्याचा अधिकारच आहे. तरीही गौरीला वाईट आई असे नाव देऊन पुस्तक मिटणे म्हणजे सासूच्या बाजूला जाऊन बसणे होय. मी त्या दिवशी तेथेच बसले होते.

गेलेला भाऊ

या भागात थोडे स्वतःविषयी लिहिते. संपादक मंडळाने ते चालवून घ्यावे.

आमचे गाव सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आहे. विटा, खानापूर, आटपाडी हा सारा पट्टा पूर्वापार दुष्काळी. येथील माणसे गलाईच्या धंद्यासाठी भारतभर गेली आहेत. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे. भट्टी, मूस आणि तेजाबाचा धूर यांत हे काम चालते. माझा दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दहावी झाल्यावर मामाच्या ओळखीने तो केरळात त्रिशूरला एका गलाईच्या दुकानात लागला. त्या वेळी आबांचे गुडघे गेले होते आणि दोघांचे शिक्षण होणे शक्य नव्हते. “तू शीक, मी हाय न्हवं,” एवढे म्हणून तो गाडीत बसला. दहावीला त्याला माझ्यापेक्षा जास्त गुण होते.

त्यामुळे ‘द लोलँड’ वाचताना माझा पहिला गोंधळ हा झाला की आमच्या घरात सुभाष कोण आणि उदयन कोण? कादंबरीत जाणारा शिकतो आणि राहणारा मरतो. आमच्याकडे जाणारा भट्टीपुढे बसतो आणि राहणारी शिकते. सुभाषला शिष्यवृत्ती नेते आणि दादाला पाऊस न पडणे नेते. तरी दोघांचे एक दुःख सारखेच आहे. सुभाष जेव्हा परत येतो तेव्हा घरात त्याची जागा राहिलेली नसते. आईवडिलांनी मुलांच्या संसारासाठी घर वाढवलेले असते, पण त्या खोल्या रिकाम्याच राहतात. दादा दिवाळीला येतो तेव्हा पहिले दोन दिवस पाहुण्यासारखा वागतो. पाण्याचा तांब्या कोठे आहे ते विचारतो. आता आमच्या भागातील काही गावांत टेंभू योजनेचे पाणी आले आहे, ऊस दिसू लागला आहे. पण गेलेली माणसे पाण्यामागे परत येत नाहीत. त्यांची मुले तिकडच्या शाळांत तिकडची भाषा बोलतात.

आणि माझे मौन असे की, मी तलाठी परीक्षेचा क्लास लावावा म्हणून दादाने गेल्या वर्षी पैसे पाठवले होते. मी क्लास लावला नाही. मला एम. ए. करावयाचे आहे, शिकवावयाचे आहे, आणि हे त्याला सांगण्याचे धैर्य होत नव्हते. पैसे बँकेत तसेच होते. फोनवर तो “क्लास कसा चाललाय?” असे विचारी आणि मी “बरा चाललाय,” असे सांगत असे. मनाची समजूत अशी की त्याला वाईट वाटू नये म्हणून मी हे करते आहे. सुभाषची बेलाविषयीची समजूत अगदी हीच होती. ज्या रात्री तो भाग मी वाचला, त्या रात्री पुढे वाचवले नाही.

कादंबरीच्या मर्यादा

कोणत्याही कृतीचा परिचय करून देताना तिच्या उणिवाही सांगाव्यात, असे आम्हांला शिकवले जाते. मला दोन उणिवा जाणवल्या.

पहिली ही की, कादंबरी नक्षलबाडीमुळे घडते, पण नक्षलबाडीचा शेतकरी तिच्यात बोलत नाही. ज्यांच्यासाठी उदयन जीव देतो, ती कुळे आणि ते मजूर दुरून ऐकू येतात. उदयन खेड्यांत जाऊन आला हे आपल्याला सांगितले जाते. तेथे त्याने काय पाहिले ते थोडक्यात उरकले जाते. मध्यमवर्गीय घरातील मुलाचे हौतात्म्य आपल्याला दिसते, पण ज्याची जमीन गेली तो दिसत नाही. शेतकऱ्याची मुलगी म्हणून मला ही जागा रिकामी वाटली. गंमत अशी की, मातीत हात घालून राबणारे या कादंबरीतील ठळक पात्र म्हणजे बेला, आणि तीही अमेरिकेत, स्वखुषीने. शेती निवडणे आणि शेती वाट्याला येणे यांतील अंतर लेखिकेने दाखवावयास हवे होते.

दुसरी उणीव भाषेची. लेखिका फार संयमाने लिहिते. मोठमोठे आघात ती एकाच सुरात सांगते. त्यामुळे काही ठिकाणी पात्रे काचेपलीकडची वाटतात. सुभाषला एकदाही मोठ्याने ओरडावेसे वाटत नाही का, असे मला अनेकदा वाटले. यावर मॅडमचे म्हणणे असे की ओरडता न येणे हाच सुभाषचा स्वभाव आहे. ते मला पटले, पण पूर्ण पटले नाही.

समारोप

कादंबरीच्या अखेरीस ती सखल जमीन उरत नाही. तळी बुजवली जातात, त्यांवर घरे उभी राहतात. ज्या पाण्यात उदयन लपला ते पाणी कोठे होते, हे नव्या माणसांना सांगूनही कळणार नाही. अंगणातील पावलांचे ठसे मात्र पुस्तक वाचलेल्याच्या मनात राहतात. दोन तळी पावसात एक होतात आणि उन्हाळ्यात वेगळी होतात, ही सुरुवातीची प्रतिमा लेखिकेने कोठेही उलगडून सांगितलेली नाही. तो तिचा मोठा गुण आहे.

चर्चा होऊन दोन महिने झाल्यावर एका रविवारी मी दादाला फोन केला आणि क्लासचे खरे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मागे दुकानात कोणी मल्याळम बोलत होते ते ऐकू येत होते. मग त्याने विचारले, “पैसं हायती न्हवं?” मी म्हटले, “हायती, हात लावला न्हाई.” तो म्हणाला, “मग ठेव. कोल्हापूरला लागतील. पर आबास्नी तूच सांग, मी सांगणार न्हाई.” त्याला राग आला होता, हे मला आवाजावरून कळले. तो लपवला नाही याचे मला बरे वाटले.

नंतर, एवढे दिवस कशाच्या नादात होतीस असे त्याने विचारले, म्हणून मी त्याला या दोन भावांची गोष्ट सांगितली. त्याने सर्व ऐकून घेतली. धाकट्याच्या मरणाविषयी तो काही बोलला नाही. एकच गोष्ट विचारली, “थोरला माघारी गावाकडं ऱ्हायाला आला का न्हाई?”

“न्हाई,” मी म्हटले.

तो “बरं” म्हणाला आणि भट्टी लावायची आहे म्हणून फोन ठेवला.

आबांना मी अजून सांगितलेले नाही. हा अंक छापून होण्यापूर्वी सांगेन, असे मॅडमना वचन दिले आहे.